पहा : रेंज नसताना

वाटेत वाचायला म्हणून घरून फोनमध्ये उतरवून घेतलेलं पान घाट लागल्यावर उघडावं. मजकूर जागेवर असतो, बहुतेक चित्रंही असतात. मग एका निळ्या शब्दावर बोट पडतं आणि इंटरनेट नसल्याची सूचना येते. पान सोबत आलं, गोतावळा मागे राहिला. शंभर पानं उतरवून घेतली तरी हेच होतं. हवं ते पान त्याच फोल्डरमध्ये शेजारी पडलेलं असतं, आणि दुवा मात्र सातासमुद्रापलीकडच्या सर्व्हरचा पत्ता सांगत बसतो.

पत्ता दोन तऱ्हांनी सांगता येतो. एक टपालाचा: नाव, गाव, जिल्हा, पिनकोड. दुसरा आपला रोजचा: देवळामागच्या बोळात तिसरं घर. वेबच्या पानांत दोन्ही चालतात. गंमत अशी, की अख्खी आळी उचलून दुसऱ्या गावी नेली तर पिनकोडवाला पत्ता खोटा ठरतो, देवळामागचा ठरत नाही. संकेतस्थळ उचलून घरी आणणारी अवजारं याच गोष्टीचा फायदा घेतात. १९९६ सालचं डब्ल्यूगेट आणि १९९८ सालचं एचटीट्रॅक ही त्यांतली जुनीजाणती. डब्ल्यूगेटला तशी आज्ञा दिली, तर सगळी पानं उतरल्यावर ते पुन्हा एकदा त्यांच्यावरून हात फिरवतं. जे पान आलं आहे त्याचा दुवा शेजारच्या घराचा करतं. जे आलं नाही त्याला पूर्ण पत्ता लिहून देतं, म्हणजे निदान नेट असेल तेव्हा तिथे पोचता यावं. हे काम शेवटी करावं लागतं, कारण कोण आलं आणि कोण राहिलं हे सगळे आल्यावरच कळतं.

मराठी पानांशी गाठ पडली की ही अवजारं अडखळतात. वेबच्या पत्त्यात देवनागरी अक्षर तसंच्या तसं जात नाही. प्रत्येक चिन्हाचे तीन बाइट, आणि प्रत्येक बाइटसाठी टक्क्याची खूण धरून तीन अक्षरं. ‘पुणे’ हा शब्द म्हणजे प, उकार, ण आणि मात्रा अशी चार चिन्हं. पत्त्यात त्याची ३६ अक्षरं होतात. ही लांबलचक अक्षरमाळच फाइलचं नाव म्हणून वापरायची झाली, तर लिनक्सवर नावाला साधारण २५५ बाइटची मर्यादा आहे. ‘छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस’ जेमतेम बसतं. पुढे ‘रेल्वे स्थानक’ जोडलं की संपलं. विंडोजला तर फाइलच्या नावात विसर्गासारखा दिसणारा कोलनही चालत नाही, आणि विकिपीडियावर ‘वर्ग:’, ‘साचा:’ अशी नावं पावलोपावली.

लाखभर फाइली मांडून ठेवण्याऐवजी सगळं एकाच फाइलीत कोंबावं, हा किविक्सचा मार्ग. इमॅन्युएल एंगेलहार्ट आणि रेनो गोदाँ यांनी २००७ मध्ये हा प्रकल्प सुरू केला. आज त्याचं बस्तान स्वित्झर्लंडमध्ये आहे आणि आज्ञावली कुणालाही फुकट घेता येते. त्या एका फाइलीच्या रचनेला ‘झिम’ म्हणतात. जर्मन विकिपीडियाच्या डीव्हीडीसाठी ‘झेनो’ नावाची रचना वापरली जात असे. तिची सुधारून काढलेली आवृत्ती म्हणून ‘झेनो इम्प्रूव्हड’, आणि त्याचं लघुरूप झिम.

झिमच्या पोटात काय असतं? आरंभी थोडी ओळख, मग सगळ्या पत्त्यांची क्रमवार यादी, आणि मग दाबून बसवलेल्या मजकुराचे गठ्ठे. दुव्यावर बोट ठेवलं की किविक्स ती मागणी नेटकडे जाऊच देत नाही. यादीच्या मधोमध उघडायचं, हवा तो पत्ता अलीकडे की पलीकडे ते बघायचं, उरलेल्या अर्ध्याच्या पुन्हा मधोमध. शब्दकोशात आपण हेच करतो. लाख नोंदी असतील तर १७ वेळा, कोटी असतील तर २४ वेळा बघितलं की पत्ता सापडतो. मग त्याचा गठ्ठा तेवढा सोडायचा. बाकीची फाइल दाबलेलीच राहते. चित्रांसकट अख्खा इंग्रजी विकिपीडिया शंभर जीबीच्या आसपास जातो, तरी तो साध्या फोनवर वाचता येतो तो यामुळे. हेच यंत्र रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर चढवून त्याच्या वायफायवर अख्खा वर्ग वाचू शकतो. ‘इंटरनेट-इन-अ-बॉक्स’ची पेटी नेमकं हेच करते.

आजकालची पानं मात्र खोडकर. कित्येक दुवे पानात लिहिलेलेच नसतात, पान उघडल्यावर जावास्क्रिप्ट ते घडवते. तिथे खराखुरा ब्राउझर चालवून येणारंजाणारं सगळं नोंदवावं लागतं. किविक्सवाल्यांचं झिमिट हे अवजार ते करतं, पण सगळीच पानं त्याला वश होतात असं नाही.

माझी तक्रार वेगळीच आहे. विकिपीडियातून सगळे लेख न घेता निवडक लेखांची झिम केली, तर निवडीबाहेरच्या लेखांकडे जाणारे दुवे त्यातून काढून टाकले जातात. शब्द राहतो, निळा रंग जातो. २०१० मध्ये मल्याळी विकिपीडियाची सीडी निघाली, तीत ५०० लेख होते. एवढ्या छोट्या संग्रहात बहुतेक दुवे कुंपणाबाहेरच जाणार, आणि वाचकाला बंद दारांच्या ओळीतून चालवायचं नाही हा विचार समजण्यासारखा आहे. तरीही दार होतं तिथे सफाईने भिंत लिंपणं मला रुचत नाही. इथे आणखी काही आहे आणि ते तुझ्यापाशी नाही, हे वाचकाला कळायला हवं. बाहेरच्या संकेतस्थळाचा दुवा आला की फोनवरचं किविक्स थांबतं आणि ब्राउझरमध्ये उघडू का म्हणून विचारतं. तो प्रामाणिकपणा मला जास्त आवडतो.

मराठी विश्वकोशाने हा प्रश्न कागदावर सोसला आहे. नोंदींत ‘पहा :’ म्हणून दुसऱ्या नोंदीचं नाव असतं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली पहिला खंड १९७६ मध्ये निघाला आणि विसाव्यापर्यंत पोचायला जवळजवळ चार दशकं लागली. ‘अ’च्या खंडातून ‘स’कडे बोट दाखवलेलं असेल, तर तो खंड अजून छापायचाच होता. तरी संपादकांनी ‘पहा’ खोडलं नाही.

आणि एक खास आपला गुंता. ‘ऱ्हाइन’मधला अर्धा र दोन तऱ्हांनी टंकता येतो: नुक्त्याच्या ‘ऱ’चा पाय मोडून, किंवा साध्या ‘र’चा पाय मोडून त्यापुढे न दिसणारं जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात; पण पहिल्याचे सहा बाइट, दुसऱ्याचे नऊ. यादीत शोधणारं यंत्र बाइट जुळवतं, डोळे नव्हे. त्यामुळे लेख एका रूपाने आणि दुवा दुसऱ्या रूपाने लिहिलेला असला, की शेजारचं घर सापडत नाही. विकिपीडियावर यासाठी पुनर्निर्देशनाची पानं करून ठेवतात. झिम तयार होताना तीही सोबत जातात. मजकूर एका ओळीचाही नाही, नुसता पुढचा पत्ता.