पडदा फुटला, ओव्या आतच होत्या



आमच्या बचत गटात गाणी वाजवायचा एक छोटा प्लेअर आहे, काडेपेटीपेक्षा थोडा मोठा. बैठकीआधी त्यावर भजनं लागतात. त्याच्यातच माझ्या सासूबाईंच्या जात्यावरच्या ओव्या आहेत, दोन वर्षांपूर्वी रेकॉर्ड केलेल्या. सासूबाई आता नाहीत. गेल्या महिन्यात प्लेअर खिडकीतून फरशीवर पडला आणि पडद्यावर शाई सांडावी तसा काळा डाग पसरला. तालुक्याला एका दुकानात दाखवला, तर दुकानदार हातात न घेताच म्हणाला, "टाकून द्या ताई, नवा घ्या."

नवा मिळाला असता हो. पण ओव्या?

माझी भाची आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकते. ती म्हणाली, "मावशी, पडदा म्हणजे नुसती नावाची पाटी. गाणी त्याच्यात नसतात." खरंच आहे. १९७९ साली जपानमध्ये सोनी कंपनीचा वॉकमन आला, त्याला कुठे पडदा होता? २००५ साली ॲपल कंपनीनं आयपॉड शफल काढला, तोही बिनपडद्याचा. गाणी असतात कार्डात नाहीतर आतल्या मेमरीत. म्हणून पडदा बदलण्याआधी गाणी आणि रेकॉर्डिंग सुखरूप दुसरीकडे ठेवायची.

कार्ड असेल तर प्लेअर बंद करून ते काढा आणि कार्ड बसणाऱ्या मोबाइलमध्ये घालून बघा. आमची भजनं तिथे लगेच सापडली. ओव्या मात्र सापडल्या नाहीत आणि माझ्या पोटात गोळा आला. पुष्कळ प्लेअरमध्ये आवाज रेकॉर्ड केला की तो कार्डात न जाता आतल्या मेमरीत जातो. मग भाचीनं केबल लावून प्लेअर कॉम्प्युटरला जोडला, तो पेनड्राइव्हसारखा दिसला आणि 'रेकॉर्ड' नावाच्या फोल्डरमध्ये सगळ्या ओव्या निघाल्या. इथे एक जपा. कॉम्प्युटरनं 'फॉरमॅट करायचं का?' असं विचारलं तर 'नाही' म्हणा. 'हो' म्हटलं की सगळं पुसलं जाईल.

आता पडद्याकडे येऊ. वर तडे, पण खाली अक्षरं स्वच्छ, तर फक्त वरची काच किंवा प्लास्टिक फुटलंय. काळा डाग, रेघा, अर्धी अक्षरं गायब, म्हणजे आतला पडदा गेला. हा पडदा काचेच्या दोन पातळ पापुद्र्यांचा असतो, मधे एक दाट द्रव असतो. काच तडकली की तो पसरतो, तोच तो डाग. बोटाला लागला तर साबणानं हात धुवा आणि पोरांच्या हाती तो प्लेअर देऊ नका. पडदा नुसता पांढरा उजळतो आणि अक्षर एकही नाही, असं असेल तर कधी कधी आतली पट्टी निसटलेली असते. पडदा बदलावाच लागत नाही.

उघडताना चाकू-सुरी नको. स्क्रू काढा, मग जुन्या एटीएम कार्डाचा कोपरा फटीत सरकवून खटके सोडवा. भाचीनं स्क्रू ताटात ठेवले आणि दर पायरीला मोबाइलवर फोटो काढला. पाठीमागे चपटी बॅटरी असते. ती टोचायची नाही, वाकवायची नाही. फुगलेली दिसली तर काम तिथेच थांबवा, चार्जिंगला लावू नका. चांगली असेल तर आधी तिची जोडणी सोडवा. लाल आणि काळी वायर एकमेकींना लागू द्यायच्या नाहीत.

पडद्यापासून एक पातळ पट्टी निघून आतल्या पाटीला जाते. पट्टी खटक्यात बसवलेली असेल तर नखानं खटका उचलून ती अलगद सरकते, आणि नवी तशीच सरळ बसते. हे काम आपल्याला जमतं. आमच्या प्लेअरची पट्टी मात्र डाक देऊन चिकटवलेली निघाली. केसागत बारीक टोकं एकमेकांना चिकटली तर सगळंच बिघडतं. तिथे कारागीरच हवा. भाचीनं तिच्या सरांकडून करून घेतलं.

नवा पडदा मागवताना पट्टीवर छापलेला नंबर कळवा. नुसतं माप सांगून भागत नाही, एकाच मापाच्या दोन पडद्यांच्या जोडण्या वेगळ्या असू शकतात. आमचा पहिला पडदा असाच आला, मापाला तंतोतंत, पण उजळला तो नुसता पांढरा. परत पाठवला. म्हणूनच झाकण लावण्याआधी बॅटरी जोडून, प्लेअर चालू करून बघायचं. अक्षरं दिसली की मगच वरची पारदर्शक फिल्म सोलायची. ती सोललेला पडदा दुकानदार परत घ्यायला कुरकुर करतो.

खर्च नव्या प्लेअरच्या निम्म्याहून वर जात असेल तर माझ्या मते पडद्याच्या नादी लागू नये, आतलं काढून घ्यावं आणि नवा घ्यावा. दुकानात दिलाच तर आधी कार्ड काढून घ्या, खर्च विचारून घ्या, पावती मागा. पैसे घेऊन काम केलं नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. फुटका पडदा आणि जुनी बॅटरी चुलीत किंवा उकिरड्यावर नको, इलेक्ट्रॉनिक कचरा घेणाऱ्याकडे द्या.

आमच्या प्लेअरवर आता नावं दिसतात. सासूबाईंच्या ओव्यांची एक प्रत भाचीच्या पेनड्राइव्हवर आहे, एक माझ्या मोबाइलमध्ये. चौथ्या ओवीत मधेच कोंबडा आरवतो आणि त्या त्याला हाकलतात. ते मी तसंच ठेवलंय.