छत्र, दफ्तर आणि संशोधक

तंजावरहून दक्षिणेस पट्टुकोट्टईकडे जाणाऱ्या वाटेवर ओरत्तनाडू हे गाव लागते. दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०२ मध्ये येथे मुक्तांबाळच्या स्मरणार्थ एक मोठे छत्र उभारले. रामेश्वराच्या यात्रेकरूंसाठी तंजावरच्या मराठी राजांनी अशी अनेक छत्रे बांधली. वाटसरूला अन्न आणि निवारा, आजाऱ्याला औषध, मुलांना विद्या. आज ज्याला आपण लोकसेवा म्हणतो तीच ही गोष्ट.

लोकप्रशासनात पीएच.डी. करू पाहणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला हा विषय साहजिकच मोह घालील. परंतु मोह म्हणजे संशोधन नव्हे. 'सरफोजींचे दातृत्व' हे गौरवग्रंथाचे शीर्षक झाले. प्रबंधाला प्रश्न लागतो.

तो प्रश्न कसा सापडतो हेही तंजावरच शिकविते. १७९९ च्या तहाने राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. पुढे १८०१ मध्ये सरफोजींनी कंपनीच्या रेसिडेंटास पत्र लिहून छत्रांचे वर्णन केले. सर्व जातींच्या प्रवाशांस अन्न मिळते, आजाऱ्यांची शुश्रूषा होते, अनाथ मुलांना शिक्षक आहेत, बाळंतिणींची काळजी घेतली जाते, असे त्यांनी सांगितले. पत्र हृद्य आहे. पण ही छत्रे आपल्या हातून जाऊ नयेत, ही चिंताही त्यामागे होती. आपली बाजू मांडणाऱ्याच्या एका कागदावर निकाल देता येत नाही. म्हणून खरा प्रश्न असा: पत्रात सांगितलेली सेवा हिशेबात दिसते काय? धान्य किती आले, कोणाच्या पंक्तीत किती शिजले, वैद्याला वेतन मिळाले की नाही?

याचे उत्तर मोडी दफ्तरात शोधावे लागते. तंजावरच्या मराठी राजवटीचे मोडी कागद सरस्वती महाल ग्रंथालयात आणि १९८१ मध्ये स्थापन झालेल्या तमिळ विद्यापीठात आहेत. त्यांतील काहींचे तमिळ भाषांतर प्रसिद्धही झाले आहे. कंपनीची बाजू पाहण्यास चेन्नईच्या अभिलेखागारात जावे लागते. तेव्हा अर्ज करण्यापूर्वीच मोडी वाचनाचा सराव, कामापुरती तमिळ आणि जुन्या मापांची ओळख हवी. 'वेली' हे जमिनीचे माप आणि 'कलम' हे धान्याचे. मराठी वाचकाने या 'कलमा'चा अर्थ लेखातील बाब असा घेतला, तर धान्याचा सारा हिशेबच चुकेल.

प्रवेशाचे नियम त्या मानाने सोपे आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पदव्युत्तर पदवीत साधारणतः ५५ टक्के गुण लागतात. राखीव प्रवर्गांना ५ टक्के सवलत आहे. नेटसारखी पात्रता वा प्रवेशपरीक्षा, मुलाखत, मग अभ्यासक्रम, असा तो क्रम. अवधी किमान तीन वर्षे, सामान्यतः कमाल सहा. अर्जासोबतच्या आराखड्यात प्रश्न एका वाक्यात मांडावा, कोणते कागद पाहणार ते सांगावे आणि उत्तर आपल्या अपेक्षेविरुद्ध आले तर ते कशावरून ओळखणार, हेही लिहावे. मार्गदर्शक निवडताना त्याच्या कीर्तीपेक्षा या विषयातील त्याचा व्यासंग पाहावा. शक्य तर अर्जाआधी तंजावरला काही दिवस काढून प्रत्यक्ष कागद पाहावेत. जो कागद वाचता येत नाही, त्याच्या भरवशावर सहा वर्षांचा संकल्प करणे शहाणपणाचे नव्हे.

मोडी वाचणारे आता थोडे, त्यांत तमिळही जाणणारे आणखी थोडे. म्हणून या कामात भाषेचा वारसा मराठी विद्यार्थ्याला साहाय्य करतो, तशीच त्याची परीक्षाही पाहतो. हिशेबाने राजाचा शब्द खरा ठरविला तर आनंद. खोटा ठरविला तर तेही तितक्याच निर्भयपणे लिहिले पाहिजे. दोनशे वर्षांपूर्वी छत्राच्या दारी आलेल्या भुकेल्याला जेवण मिळाले की नाही, हे शोधून सांगणे ही देखील लोकसेवाच आहे.