घोरणाऱ्या मुलाकडे दुर्लक्ष नको

मूल घोरते म्हणजे ते गाढ झोपले आहे, असा समज आढळतो. वस्तुतः घशातील गिलायू, म्हणजेच टॉन्सिल, व नाकामागील अ‍ॅडिनॉइड वाढल्यास श्वासमार्ग अरुंद होतो. झोपेत स्नायू शिथिल होताच श्वास वारंवार अडतो, रक्तातील प्राणवायू घटतो आणि झोपमोड होते. २ ते ८ वर्षे वयात हा विकार अधिक दिसतो. उघड्या तोंडाने श्वास घेणे, अंथरूण ओले होणे, वर्गात पेंगणे वा चंचलपणा ही त्याची लक्षणे होत. अशा मुलास शिक्षकांनी आळशी वा खोडकर ठरवू नये. पालकांनी इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयासारख्या शासकीय रुग्णालयातील कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. आवश्यक तेथे शस्त्रक्रियेने बहुतेक मुलांस आराम पडतो; विलंब झाल्यास वाढ खुंटण्याचा व हृदयावर ताण येण्याचा धोका असतो.