खवले, नारळ आणि कोरं मडकं

अलिबागच्या इस्रायल आळीत मागेन आबोथ हे सिनेगॉग आहे, १८४८ सालचं. नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटलं, त्यातून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपण वाढलो, अशी बेने इस्रायल या यहुदी समाजाची परंपरा आहे. रायगडच्या गावांत हा समाज तेलाचे घाणे चालवायचा आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचा, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणायचे. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. जाताना पेणकर, रोहेकर, किहीमकर, चेऊलकर ही आडनावं घेऊन गेली. आता त्यांची नातवंडं आडनावातलं गाव बघायला येतात, एखाद्या घरगुती मुक्कामी उतरतात, आणि त्यातले काही जण कोशर, म्हणजे यहुदी धर्माचे खाण्यापिण्याचे नियम, अगदी काटेकोर पाळतात.

यजमानीणबाईंची पहिली चिंता असते चवीची. दूध-दही नाही, कोळंबी नाही, मग जेवण अळणी होणार! ही चिंता सोडून द्यावी. या किनाऱ्याचा स्वयंपाक निम्मा-अधिक कोशरच आहे. खरं काम आहे ते भांड्यांचं आणि विस्तवाचं, आणि तिकडेच बहुतेकांचं लक्ष नसतं.

आधी मासा. नियम सोपा आहे: पर आणि खवले दोन्ही हवेत, आणि खवला कातडी न फाटता सुटायला हवा. म्हणजे कोळंबी, चिंबोरी, तिसऱ्या, कालवं, शेवंड, माकूल बाद. मुशी, पाकट, वाम, शिंगाळाही बाद. दावीद राहबी नावाच्या पाहुण्या धर्मज्ञाबद्दल एक गोष्ट समाजात सांगतात. तो कोकणात आला तेव्हा ही तेली मंडळी खरंच यहुदी आहेत का, हे त्याला पाहायचं होतं. त्याने बायकांपुढे मिसळीचे मासे ठेवले आणि रांधायला सांगितले. बायकांनी बिनखवल्यांचे मासे वेचून बाजूला सारले, आणि त्याची खात्री पटली. तो नेमका कोणत्या शतकातला, यावर अभ्यासकांचा वाद आहे; पण ओळख पटवायला पोथी न मागता मासळीची टोपली पुढे करणारा परीक्षक मला फार आवडतो.

तर पेण-अलिबागच्या खारेपाटात मिळणारा जिताडा घ्या. मोठे, स्पष्ट खवले. शंकेला जागाच नाही. रावस, बोय हेही चांगले. पापलेटाचे खवले बारीक असतात, पण या समाजात ते पूर्वीपासून खाल्लं जातं. सुरमई, बोंबील यांबाबत मात्र पाहुण्याला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. मासा अख्खा आणावा, कातडीसकट. बाजारात कापून घेऊ नये, कारण त्याच विळीवर आत्ताच कोळंबी सोललेली असते, आणि तुकडे झाले की तो कोणता मासा होता हे पाहुण्याने ओळखायचं कसं? घरी नव्या सुरीने, शक्यतो त्याच्या देखत साफ करावा.

दुसरा नियम दुधाचा. करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये, हे तोरा या यहुदी धर्मग्रंथात तीनदा आलं आहे. त्यातून पुढे मांस आणि दूध एका जेवणात नको, एका भांड्यात नको, इथवर शिस्त वाढली. मटणाच्या जेवणानंतर दुधाचं काही खायला कित्येक तास थांबतात. काही घरांत सहा. मासा या अर्थाने मांस नव्हे, तरी पुष्कळ घरं त्याच्याबरोबरही दूध घेत नाहीत. उत्तर हिंदुस्थानी पद्धतीचा स्वयंपाक इथे अडतो: दह्यातलं मुरवण गेलं, साय गेली, तूप गेलं. आपलं काही अडत नाही. आपल्या कालवणाला दाटपणा नारळ देतो आणि आंबटपणा कोकम.

नारळासारखं झाडाचं दूध मांसात घातलं तर ते खरं दूध वाटू शकतं; यावर युरोपातल्या धर्मशास्त्र्यांनी एक मजेदार तोडगा काढला होता. बदामाच्या दुधात मांस शिजवलं तर बघणाऱ्याचा गैरसमज होऊ नये म्हणून शेजारी थोडे बदाम ठेवावेत. कोकणात कालवणाशेजारी नारळ ठेवायची गरज कोणाला पडेल असं वाटत नाही. पण दूध ताज्या खोबऱ्याचंच काढा. नारळाच्या दुधाच्या तयार पावडरीत पुष्कळदा गाईच्या दुधातलं केसिन घातलेलं असतं, आणि तिथे सगळंच फसतं.

आता भांडी. तापलेल्या भांड्यात अन्नाची चव मुरते आणि पुढच्या स्वयंपाकात उतरते, असा हा विचार आहे. धातूचं भांडं उकळत्या पाण्याने विधिवत शुद्ध करता येतं. मातीचं येत नाही. एकदा बाटलं की फोडायचं. म्हणूनच कुंभाराकडचं कोरं मडकं ही इथली सगळ्यात स्वस्त सोय आहे, कारण त्याला इतिहासच नसतो. रात्रभर पाण्यात बुडवून ठेवावं, सकाळी मंद आचेवर त्यात पाणी उकळावं. मडकं मुरवायला काही घरांत ताक किंवा पेज वापरतात; इथे नुसतं पाणी. लाकडी पळी नवी, पातेलं लागलं तर तेही नवं. ताटांचा प्रश्न केळीच्या पानाने आणि द्रोणाने सुटतो.

रायगडच्या स्वयंपाकघरातला खरा चोर मात्र वेगळाच: पाटा-वरवंटा आणि मिक्सर. जवळ्याची चटणी, सोड्याचं वाटण याच दगडावर झालेलं असतं. दगड कितीही घासला तरी पाहुण्याचं मन मानणार नाही. घरच्या मसाल्याच्या बरणीत कधी ओला चमचा गेला, कोणाला आठवतं? मसाला अख्खा आणावा, नव्या खलबत्त्यात कुटावा. खरं सांगायचं तर कुटलेल्या मसाल्याचं कालवण अधिक खमंग होतं, त्यामुळे ही तक्रारीची गोष्ट नव्हे.

विस्तवाचा नियम ऐकून यजमानांना जरा लागतं. परधर्मीयाने एकट्याने शिजवलेलं अन्न काटेकोर माणूस खात नाही. उपाय साधा आहे: पाहुण्यालाच चूल पेटवायला सांगायची, आणि मडकंही त्यानेच वर ठेवायचं. अपमान मानू नये. ढवळायला, चव साधायला तुम्ही आहातच. जे कच्चं खाता येतं, त्याला हा नियम लागू नाही. फळं, खोबरं, अलिबागचा पांढरा कांदा नव्या सुरीने चिरून मीठ-लिंबू लावलेला, हे सगळं बिनधास्त वाढा.

या जेवणाचा कणा वालाचं बिरडं असावं, असं माझं मत. बिरडं बेने इस्रायलांचंही आहे. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा जो उपास, त्याला या समाजात 'बिरड्याचा सण' म्हणत, कारण उपास सुटायचा तो बिरड्यावर. कडवे वाल रात्री भिजवावेत, फडक्यात बांधून मोड आणावेत, कोमट पाण्यात टाकून एकेक सोलावा. अन्नात किडा-आळी जाऊ नये, याबद्दल कोशरचा कटाक्ष फार कडक असतो. बिरडं सोलताना प्रत्येक दाणा बोटांखालून जातो, तेव्हा ती तपासणी आपोआपच होते. तेलात लसूण, हिरवी मिरची, कांदा परतून वाल घालावेत, नारळाचं पातळ दूध आधी आणि शिजत आल्यावर दाट दूध. दाट दूध घातल्यावर खळाखळा उकळी आणू नये, ते फुटतं. कोकम सगळ्यात शेवटी. जिताड्याच्या कालवणाचीही हीच रीत, फक्त वाटणात आलं आणि कोथिंबीर भरपूर, आणि कोथिंबीर पाण्यात दोन-तीनदा खळबळून, पान न् पान पाहून. सोबत भात आणि सोलकढी. भाकरीचा मोह नवा तवा असेल तरच.

पाहुणे थंडीत आले तर पोपटी लावावी. कोऱ्या मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यात ओवा आणि जाडं मीठ चोळलेल्या वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी. तोंडाशी पुन्हा पाला. मडकं उलटं करून भोवती पेंढा-काटक्या. विस्तव पाहुण्याने लावायचा. अंडी घालू नयेत, कारण अंड्यात रक्ताचा ठिपका नाही ना, हे फोडून पाहण्याचा रिवाज आहे. कोंबडीही नको.

मटण-कोंबडीबद्दल थोडक्यात: पाहुण्याने खात्रीच्या ठिकाणाहून आणलं नसेल तर बेत सोडावा. जनावर शास्त्राप्रमाणे कापलेलं हवं, मग मांस अर्धा तास भिजवून, तासभर मीठ लावून, तीनदा धुऊन रक्त काढलेलं हवं. गावोगाव हे काम जाणणारी माणसं असत, तो काळ वेगळा होता.

गोडाला मलिदा. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर किंवा गूळ, वेलची, सुकामेवा. भोवती केळी, खजूर आणि इतर फळं. एलियाहू हनबीच्या नावाने हा मलिदा होतो. अलिबागजवळ खंडाळ्याला एका खडकावर त्या प्रेषिताच्या रथाच्या खुणा दाखवतात, आणि नवस फेडायला लोक आजही तिथे येतात. एकेका फळावर प्रार्थना म्हटली जाते, तेव्हा वाढण्याची घाई करू नये.

घाणा बंद ठेवायचा तोच शनिवार इथेही पाळायचा: शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत विस्तव पेटवायचा नाही, आणि त्यांच्यासाठी दुसऱ्याने पेटवलेलाही चालत नाही. शुक्रवारी दुपारीच सगळं शिजवून ठेवावं. मलिद्याचे पोहे शनिवारी सकाळी भिजवले तरी चालतात.

जेवणानंतर चहा विचाराल तेव्हा एवढंच ध्यानात ठेवा: पानात मटण किंवा कोंबडी असेल तर दुधाचा चहा पुढे करू नका; मासा असेल तर आधी विचारा. विस्तव लावता येत असेल तर नव्या पातेल्यात गवती चहा आणि आलं उकळून कोरा द्या. साखर विचारून घाला.