जपानी पुरणाचे ऋतुरंग

पुरणावर वाढलेल्या माणसाला जपानी ‘आन’ म्हणजे काय, हे फार समजावून सांगावे लागत नाही. भेद इतकाच, की आपले पुरण पोळीच्या उदरात दडते, आणि ‘नेरिकिरी’ नावाची तिकडची मिठाई कडधान्याचीच असूनही स्वतः फुलाचे रूप घेऊन ताटलीत विराजमान होते.

चहापानाचा विधी १६व्या शतकात रूढ होत गेला, तसतसा माच्चा या कडवट हिरव्या चहाच्या आधी गोड खाण्याचा शिरस्ताही दृढ झाला. तथापि साखर हा दीर्घकाळ नागासाकी बंदरी उतरणारा परदेशी माल होता, आणि १८व्या शतकात शोगुन तोकुगावा योशिमुने याने देशी ऊसलागवडीस उत्तेजन दिले तरी शुभ्र साखरेची ही मिठाई पुढेही पुष्कळ काळ दरबार, देवालये आणि सधन सावकार यांच्याच दारी राहिली.

घरी करावयाचे झाल्यास राजम्याच्याच जातीचा पांढरा दाणा रात्रभर भिजवून, पहिल्या उकळीचे तुरट पाणी टाकून देऊन, बोटाने सहज चिरडेल इतका मऊ शिजवावा. मग तो चाळणीवर घासून साले वेगळी करावीत, खाली उतरलेला गाळ पाण्यात वारंवार निवळू द्यावा, आणि जाड फडक्यात पिळून उरलेल्या गोळ्यात त्याच्या वजनाच्या निम्म्याहून किंचित अधिक साखर घालून मंद आचेवर आटवावा. हे झाले शिरोआन. अशा ३०० ग्रॅम शिरोआनास १० ग्रॅम चिकट तांदळाचे पीठ, २० ग्रॅम पाणी आणि तितकीच साखर यांची शिजवलेली ‘ग्युही’ पुरते. (क्योटोत ग्युहीऐवजी गव्हाचे पीठ मिसळून वाफवण्याचीही रीत आहे.) शिरोआन व ग्युही एकत्र आचेवर घोटावीत; हाताची पाठ टेकवली असता काही चिकटेनासे झाले, की तुकडे करून निववावे, पुन्हा मळावे, पुन्हा तुकडे करावे. या मळण्यानेच गोळा उजळतो. येथे घाई करणाऱ्याने पुढील रंगाची आशा सोडावी.

कारण खरी जोखमीची बाब रंगाचीच. जी करडई आपण तेलासाठी पेरतो, तिच्या पाकळ्यांतून जपानी लोक तांबडा रंग काढीत. पिवळा अनंताच्या फळांतून येई, हिरवा माच्चातून. आज तयार पूड मिळते, आणि तीच नवशिक्याचा घात करते. दातकोरणीच्या टोकावर मावेल इतकीच पूड थेंबभर पाण्यात विरघळवून प्रथम लहानशा गोळीत गडद मळावी, आणि त्या गोळीतून चिमूट चिमूट मुख्य गोळ्यात घालीत, इष्ट छटेच्या जरा अलीकडेच थांबावे. गुलाबी गोळ्यावर पातळ पांढरे आवरण चढवले, की रंग वरून लावलेला न दिसता आतून उमलल्यासारखा दिसतो. ‘बोकाशी’ म्हणतात ती हीच छटा. भडक बर्फीला सरावलेल्या नजरेला ती प्रथम फिकी वाटेल, परंतु माझ्या मते साऱ्या खटाटोपाचे सार्थक तेथेच आहे.

सुमारे २५ ग्रॅम आवरणात १५ ग्रॅम तांबड्या अझुकी कडधान्याच्या पुरणाची गोळी भरून लाकडी त्रिकोणी पट्टीने रेघा ओढल्या, की शेवंती होते; ओल्या फडक्यात पिळले, की नुसत्या वळ्याही शोभतात. चेरी वसंतात, हायड्रेंजिया जूनमध्ये, मॅपलचे पान शरदात, आणि तेही प्रत्यक्ष बहराच्या थोडे आधी, असा तेथील दंडक आहे. काम चालू असता गोळे ओल्या फडक्याखाली झाकावेत, अन्यथा हवेने भेगा पडतात. आणि त्याच दिवशी ते खाऊन टाकावेत, कारण शीतकपाटात ठेवले तर ताठरतात.