काळा पडदा आणि ६५,५३२ क्रमांकाचे घर

तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा भरते, तेव्हा तिथे घोड्यांचा मोठा बाजार असतो. जाणता गिऱ्हाईक घोड्याच्या रंगावर भुलत नाही. तो आधी दात पाहतो, मग घोडा चालवून पाहतो आणि त्यानंतरच किमतीचे बोलतो. बंद पडलेल्या यंत्राची परीक्षाही अशीच क्रमाने करावी लागते. गेल्या वर्षी ती करण्याची वेळ आमच्यावर आली.

माझ्या दोन विद्यार्थ्यांनी यात्रेहून येताना तिथल्याच एका निवृत्त गुरुजींकडून फ्लॉपींचा डबा आणला. गुरुजींची नोकरी दुसऱ्या जिल्ह्यात झाली. केंद्र सरकारने १९८४-८५ मध्ये 'क्लास' नावाचा प्रकल्प काढून सुरुवातीला देशातल्या सुमारे २५० शाळांना संगणक दिले, त्यांपैकी एका शाळेत गुरुजी होते. हा संगणक म्हणजे ब्रिटनच्या एकॉर्न कंपनीचा, १९८१ मध्ये निघालेला 'बीबीसी मायक्रो'. मोहालीच्या सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्सने तो भारतात 'युनिकॉर्न' या नावाने काढला होता. त्यावर गुरुजींनी स्वतः लिहिलेल्या आज्ञावली या फ्लॉपींवर होत्या. दुसरी प्रत कुठेही नव्हती. फ्लॉपीवरचा चुंबकीय थर वर्षानुवर्षे दमट हवेत खराब होत जातो. सातपैकी चारच फ्लॉपी वाचता आल्या. एका परिचितांनी त्यांतला मजकूर जशाच्या तसा फायलींत उतरवून दिला.

आता मूळ यंत्र नाही, तर या फायली चालवायच्या कशा? त्यासाठी एम्युलेटर वापरतात. आजच्या संगणकाने जुन्या संगणकाचे सोंग आणायचे, असा हा प्रकार आहे. बीबीसी मायक्रोमधला ६५०२ हा सूक्ष्मप्रक्रियक १६ तारांवरून स्मृतीतल्या घरांचा पत्ता सांगतो. म्हणून घरे होतात २ चा १६ वा घात, म्हणजे ६५,५३६. क्रमांक ० ते ६५,५३५. पहिली ३२,७६८ घरे लिहिण्या-पुसण्याची. पुढच्या १६,३८४ घरांत बेसिक भाषा आणि शेवटच्या १६,३८४ घरांत यंत्र चालवणारी मूळ आज्ञावली. या दोन्ही 'रॉम'मध्ये कायमच्या कोरलेल्या असत. एम्युलेटर एवढ्याच घरांचा एक तक्ता मांडतो, प्रत्येक घरातला आकडा वाचतो आणि ६५०२ ने जे केले असते ते करतो. मात्र रॉममधला मजकूर त्याला फायलीच्या रूपाने पुरवावा लागतो.

आम्ही सर्व फायली जागच्या जागी ठेवल्या, एम्युलेटर सुरू केला, आणि पडदा काळाच राहिला.

मुलांनी लगेच फ्लॉपीला दोष दिला. पण विचार करा. फ्लॉपी हा प्रवासाचा शेवटचा टप्पा आहे. बीबीसी मायक्रो फ्लॉपीवाचूनही स्वतःचे नाव पडद्यावर लिहितो. तेच उमटले नाही, तर बिघाड त्याच्या आधी असला पाहिजे. खऱ्या यंत्रात ही परीक्षा कानानेही होई. चालू करताच एक जाड सूर निघे आणि क्षणात त्याच्या जागी बारीक सूर येई. जाड सूर तसाच चालू राहिला, तर मूळ आज्ञावली सुरूच झालेली नाही असे ओळखावे.

६५०२ जागा होताच सर्वांत आधी काय करतो? ६५,५३२ आणि ६५,५३३ या दोन घरांतले आकडे वाचतो. पहिली आज्ञा कुठे आहे याचा पत्ता तिथे असतो. बीबीसीच्या १.२० आवृत्तीत तिथे २०५ आणि २१७ आहेत. लहान भाग आधी येतो, म्हणून २१७ × २५६ + २०५ = ५५,७५७. आम्ही तक्त्यात पाहिले, तर तिथे भलतेच आकडे! मग फायलीचे आकारमान पाहिले. ते १६,३८४ बाइट असायला हवे होते, आणि होते २३ हजारांच्या वर.

आता चोर सापडला, आणि तो आमच्यातच होता. या रॉममध्ये एक गंमत आहे. ६४,५१२ पासूनची ७६८ घरे बाहेरच्या उपकरणांसाठी राखीव असल्यामुळे तिथला रॉमचा भाग एरवी दिसतच नाही. एकॉर्नच्या लोकांनी त्या वाया जाणाऱ्या जागेत, यंत्र घडवायला हातभार लावणाऱ्यांची नावे आभारासह लिहून ठेवली आहेत. ती वाचायला एका विद्यार्थ्याने फाइल मजकुराच्या संपादकात उघडली आणि बंद करताना सवयीने 'सेव्ह' दाबले. संपादकाने १२८ आणि त्यापुढचा प्रत्येक आकडा अक्षर समजून दोन-दोन बाइटांत लिहिला. त्यामुळे पुढचे सगळे आकडे सरकले आणि ६५,५३२ चा पत्ता तिथे उरलाच नाही. त्याच्या कुतूहलाला मी काही बोललो नाही. 'सेव्ह'ला मात्र बोललो.

मूळ प्रत पुन्हा घातली. पडद्यावर 'बीबीसी कॉम्प्युटर ३२के' हे शब्द आले आणि त्यांच्याखाली एकच प्रश्न: 'लँग्वेज?' मुलांचे चेहरे पडले, पण मला आनंद झाला. मुकेपणापेक्षा तक्रार बरी. मूळ आज्ञावली उठली होती, तिला भाषा सापडत नव्हती, एवढेच. बेसिकच्या फायलीचे नाव यादीत चुकले होते. ते दुरुस्त केले.

आता फ्लॉपी. तिची अनुक्रमणिका अचूक दिसली, पण कोणतीही मोठी आज्ञावली मागितली की कचरा येई. हे कोडे सोडवायला आम्हाला संध्याकाळ लागली. एका बाजूला ८० वर्तुळे, प्रत्येकात १० खंड, खंडात २५६ बाइट: गुणाकार २,०४,८०० होतो. आमची फाइल होती ४,०९,६००, बरोबर दुप्पट. म्हणजे फ्लॉपी दोन्ही बाजूंनी लिहिलेली होती आणि फायलीच्या नावाचे शेपूट मात्र एका बाजूचे होते. दुबाजू फायलीत वरचे पहिले वर्तुळ, खालचे पहिले, वरचे दुसरे, खालचे दुसरे असा क्रम असतो. अनुक्रमणिका वरच्या पहिल्याच वर्तुळात असते, म्हणून ती नीट वाचली गेली. पुढे दुसऱ्या वर्तुळाऐवजी खालची बाजू हाती येत होती. शेपूट बदलले आणि काम झाले.

सुट्टीत गुरुजींना बोलावले. त्यांनी त्या काळी देवनागरी अक्षरे घडवली होती. आठ ओळी, आठ स्तंभ, एका अक्षराला आठ आकडे. शिरोरेषेसाठी आठही ठिपके पेटवायचे, म्हणून तिचा आकडा २५५. तिच्या वर मात्रा-अनुस्वारासाठी एकच ओळ उरे, तेव्हा दोन्ही सारखेच दिसत. गुरुजींनी गावाचे नाव लिहिणारी आज्ञावली चालवली. पडद्यावर उमटले: 'सारंगखंडा'.

"तेव्हाची मुलेही इथेच हसायची," गुरुजी म्हणाले आणि त्यांनी कागद-पेन्सिल मागितली. 'खे'ची मात्रा कुठे बसवावी, यावर त्यांचे आणि मुलांचे अंधार पडेपर्यंत चालले होते.