आधी स्वॅब, मग मॅच!

२०२०च्या कोविड सीझनमध्ये अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलने खबरदारीचा जो घाट घातला, त्याची ही झलक. नाकात काडी रोज जात होती, पण ती नेमकी कोणाच्या भल्यासाठी?

फुटबॉल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मेस्सी आणि रोनाल्डो उभे राहतात. अमेरिकेत मात्र मामला वेगळा. तिकडचा चेंडू लांबुळका, दोन्हीकडून टोकदार. डोक्यावर हेल्मेट, खांद्यावर पॅड, आणि शे-सव्वाशे किलोचे धटिंगण एकमेकांच्या अंगावर सुसाट धावून जाणार. प्रत्येक डाव सुरू होताना दोन्हीकडची पोरं वीतभर अंतरावर समोरासमोर वाकून उभी, एकमेकांचा श्वास घेत. थोडक्यात, 'दो गज की दूरी'ची पार ऐशीतैशी!

बरं, कॉलेजचा खेळ म्हणजे आपल्या गॅदरिंगच्या मॅचेस नव्हेत. मिशिगन किंवा ओहायो स्टेटच्या स्टेडियममध्ये शनिवारी लाखभर माणूस बसतं. आपली तीन वानखेडे एकात एक घाला, म्हणजे अंदाज येईल. पर्ड्यू, इलिनॉय, मिशिगन ही नावं तुमच्या ग्रुपमधल्या एमएसवाल्यांच्या तोंडी सतत असतात ना? त्या सगळ्या 'बिग टेन' नावाच्या कॉन्फरन्समधल्या. (नावात टेन, पण २०२० साली युनिव्हर्सिटीज होत्या १४. कॉन्फरन्सवाल्यांचं गणित कच्चं असावं.)

नाही, नाही... हो!

तर ११ ऑगस्ट २०२०ला या बिग टेनने जाहीर केलं की यंदा सीझन नाही. पश्चिम किनाऱ्यावरच्या पॅक-१२नेही त्याच दिवशी हात वर केले. डॉक्टरांची मुख्य भीती होती मायोकार्डायटिसची, म्हणजे हृदयाच्या स्नायूला येणाऱ्या सुजेची. कोविड होऊन गेलेला पोरगा दिसायला ठणठणीत, पण आत सूज असताना जोरदार पळाला तर हृदय दगा देऊ शकतं. कारण अगदी रास्त.

पण दक्षिणेकडच्या एसईसी आणि एसीसीने मात्र खेळायचं ठरवलं. मग काय, ओहायो स्टेटचा क्वार्टरबॅक जस्टिन फील्ड्सने ऑनलाइन अर्ज काढला, त्यावर दोन लाखांहून जास्त लोकांनी सह्या ठोकल्या, पालक रस्त्यावर उतरले, व्हाइट हाउसमधूनही फोन गेला. १६ सप्टेंबरला बिग टेनने पलटी मारली आणि ऑक्टोबरच्या शेवटी मॅचेस सुरू! पाच आठवड्यांत विषाणू बदलला नव्हता. बदललं होतं ते एवढंच की आता रोज करता येतील अशा रॅपिड अँटिजेन टेस्ट हाताशी आल्या होत्या.

आणि हो, पैसा. त्याला विसरून कसं चालेल? बिग टेनच्या बहुतेक युनिव्हर्सिटीजना कॉन्फरन्सकडून वर्षाला प्रत्येकी ५ कोटी डॉलरहून जास्त मिळत होते, त्यात सिंहाचा वाटा टीव्हीचा. फुटबॉलच्या कमाईवर पोहणं, कुस्ती, टेनिस असे सगळे गरीब भाऊबंद जगतात. स्टॅनफर्डने तर जुलै २०२०मध्येच ११ खेळ बंद करत असल्याचं जाहीर केलं होतं (पुढच्या वर्षी तो निर्णय मागे घेतला). म्हणजे फुटबॉल थांबला की अख्खं खटलं उपाशी.

रोजचा स्वॅब

बिग टेनचा नियम असा : प्रॅक्टिस असो वा मॅच, रोज आधी अँटिजेन टेस्ट. निगेटिव्ह असाल तर हेल्मेट घाला. पॉझिटिव्ह आलात तर पीसीआरने खातरजमा, आणि पक्कं झालं की मॅच खेळायला किमान २१ दिवस बंदी. त्या काळात रक्ततपासणी, ईसीजी, इको आणि हृदयाचा एमआरआय. शिवाय टीमच्या एकूण टेस्टमध्ये ५ टक्क्यांहून जास्त पॉझिटिव्ह आणि एकूण माणसांत साडेसात टक्क्यांहून जास्त बाधित निघाले, तर किमान सात दिवस अख्ख्या टीमला टाळं.

कागदावर एकदम झकास! पण वेळापत्रकात मॅचेस होत्या फक्त आठ, अधेमधे एकही सुट्टी नाही. त्यात २१ दिवस म्हणजे तीन मॅचेस गुल. विस्कॉन्सिनने पहिली मॅच ४५-७ अशी दणक्यात जिंकली, लगेच टीममध्ये केसेस निघाल्या आणि पुढच्या दोन मॅचेस रद्द. ओहायो स्टेटच्या इतक्या मॅचेस हुकल्या की फायनल खेळायला किमान सहा मॅचेसची अटच पुरी होईना. डिसेंबरमध्ये कॉन्फरन्सने ती अटच काढून टाकली. पुढे २१ दिवसांचे १७ केले ते वेगळंच.

एसईसीसारख्या कॉन्फरन्समध्ये टेस्ट आठवड्यातून तीनदा व्हायच्या. तिथल्या गमती तर विचारू नका. अलाबामाचे कोच निक सेबन ऑक्टोबरमध्ये पॉझिटिव्ह आले, घरी बसले, मग लागोपाठ तीन टेस्ट निगेटिव्ह! पहिला रिपोर्टच चुकीचा ठरला आणि साहेब शनिवारी जॉर्जियाविरुद्ध मैदानात हजर. नोव्हेंबरमध्ये मात्र खरोखरच कोविड झाला आणि ऑबर्नविरुद्धची वर्षातली सगळ्यात मोठी लढत त्यांना घरून पाहावी लागली.

याच्या नेमकं उलट क्लेमसनचं झालं. टीम फ्लोरिडा स्टेटला पोचली. लक्षणं असूनही आधीच्या टेस्ट निगेटिव्ह आलेला एक खेळाडू सोबत होता. पोचल्यावर कळलं की शुक्रवारचा त्याचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे. शनिवारी सकाळी, मॅचला काही तास उरलेले असताना, खेळ रद्द. टेस्ट म्हणजे काल-परवाचा फोटो असतो, आजचा नव्हे, हे शंभरेक पोरांना प्रवास करून समजलं.

त्या सीझनमध्ये शंभराहून जास्त मॅचेस रद्द झाल्या किंवा पुढे ढकलल्या गेल्या. त्यातून एक भन्नाट गोष्टही घडली. व्हँडरबिल्टचे किकर क्वारंटाइनमध्ये गेले. आता चेंडूला लाथ मारणार कोण? कोचने मुलींच्या सॉकर टीमची गोलकीपर सारा फुलर हिला बोलावलं. २८ नोव्हेंबर २०२०ला ती मैदानात उतरली आणि मोठ्या पाच कॉन्फरन्सच्या इतिहासात खेळणारी पहिली बाई ठरली. टीम ४१-० अशी सपाटून हरली ते सोडा. दोन आठवड्यांनी टेनेसीविरुद्ध तिने पॉइंटही काढला!

बबल का नाही केला?

आपला आयपीएल त्याच वर्षी सप्टेंबरात यूएईत गेला. हॉटेलं बंद, खेळाडू आत, बाहेरच्याला प्रवेश नाही. मग कॉलेजवाल्यांना हे का नाही सुचलं? सुचलं होतं हो. पण ग्यानबाची मेख इथेच आहे. तेव्हा कॉलेज खेळाडूला पगार नव्हता. तो 'स्टुडंट' होता, फी आणि राहणं-जेवण भागवणारी स्कॉलरशिप तेवढी मिळायची. त्याला हॉटेलात कोंडून खेळवलं तर जग विचारणार, हा विद्यार्थी कसला, हा तर तुमचा कामगार! म्हणून तो हॉस्टेलवर किंवा रूम पार्टनरबरोबर भाड्याच्या घरात राहिला आणि विषाणूला रान मोकळं मिळालं. टीमचे डॉक्टर मैदानातल्या टॅकलइतकेच मेस, गाड्या आणि पार्ट्यांना घाबरत होते ते उगाच नाही.

सगळ्यात खटकतं ते हे. नॉर्थ कॅरोलायना युनिव्हर्सिटीने, चॅपल हिल इथल्या, १० ऑगस्टला वर्ग उघडले आणि आठवडाभरात केसेस वाढल्या म्हणून सगळं ऑनलाइन केलं. बाकीच्या पोरांनी बॅगा भरल्या. फुटबॉल टीम राहिली आणि १२ सप्टेंबरला पहिली मॅच खेळली. वर्गात बसणं धोक्याचं आणि टॅकल करणं सुरक्षित, हे लॉजिक कुठल्या प्रोफेसरने तपासलं देव जाणे. (आपल्याकडेही त्याच महिन्यात फायनल इयरच्या परीक्षा घ्यायच्या की नाही यावर राज्य सरकार आणि यूजीसी सुप्रीम कोर्टात भिडले होते. पोरांना कोणी काही विचारलं नव्हतं, हे साम्य मात्र आहे.)

कॅलिफोर्नियात सांता क्लारा काउंटीने नोव्हेंबरअखेर अंगाला अंग भिडणाऱ्या खेळांवर तीन आठवडे बंदी घातली. यावर स्टॅनफर्डने काय करावं? टीम उचलली आणि गेली वॉशिंग्टन राज्यात, तिथून ओरेगॉनला. घरच्या मैदानावर पुन्हा पाय न ठेवता सीझन पुरा! आरोग्य खात्याचा नियम मोडला नाही, फक्त त्याच्या हद्दीबाहेर जाऊन बसले.

नोटर डेमची तऱ्हा आणखी निराळी. ७ नोव्हेंबरला समोर क्लेमसन, आणि त्यांचा स्टार ट्रेव्हर लॉरेन्स कोविडमुळे बाहेर. स्टेडियममध्ये लांब लांब बसवलेले अकरा हजार प्रेक्षक, बहुतेक विद्यार्थी. दोन ओव्हरटाइमनंतर नोटर डेम ४७-४० जिंकली आणि सगळे धडाधड मैदानात घुसले! अंतर गेलं उडत. मग युनिव्हर्सिटीने फर्मान काढलं की टेस्ट केल्याशिवाय सेमिस्टर संपवून कोणी गावाबाहेर जायचं नाही.

हृदयाचं काय झालं?

ज्या भीतीने सगळं सुरू झालं, तिच्याकडे वळू. सप्टेंबर २०२०मध्ये ओहायो स्टेटच्या डॉक्टरांनी २६ खेळाडूंचे एमआरआय छापले. त्यातल्या चौघांत, म्हणजे १५ टक्क्यांत, सुजेच्या खुणा. सगळे हबकले. मग बिग टेनने सगळ्यांचा डेटा एकत्र केला आणि २०२१च्या मे महिन्यात मोठा आकडा आला : १,५९७ खेळाडूंपैकी ३७, म्हणजे २.३ टक्के. भीती होती त्याहून बरीच कमी, पण शून्य नव्हे. त्यात लक्षात ठेवण्यासारखं म्हणजे त्या ३७पैकी ३२ जण नुसत्या लक्षणांवरून सापडलेच नसते. एमआरआय सरसकट केला म्हणून सापडले. आणि असा एमआरआय सगळ्या कॉन्फरन्समध्ये सक्तीचा नव्हता.

पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या कॉलेजचा वीस वर्षांचा फुटबॉलपटू त्याच सप्टेंबरात कोविडनंतर हृदयात गुठळी होऊन गेला. त्याच्या कॉलेजचा सीझन आधीच रद्द झालेला होता.

खेळाडूंना स्वतःला काय हवं होतं? बहुतेकांना खेळायचंच होतं, हे खरं. पण ऑगस्टमध्ये लॉरेन्स आणि इतर स्टार खेळाडूंनी 'आम्हाला खेळायचंय' म्हणून जे पत्रक ट्विटरवर टाकलं, त्यात नुसता हट्ट नव्हता. सगळ्या कॉन्फरन्सना एकच आरोग्य नियम लावा, ज्याला नको त्याला बाहेर राहू द्या, बाहेर राहिला तरी त्याचं वर्ष बुडवू नका, अशा मागण्या होत्या. बाहेर राहण्याची मुभा मिळाली. जामार चेस, मायका पार्सन्ससारख्या बड्या नावांनी ती घेतली. वर्षही कोणाचं बुडलं नाही. एकच नियम मात्र शेवटपर्यंत आला नाही. रोज टेस्ट की आठवड्यातून तीनदा, हे तुम्ही कुठल्या कॉन्फरन्समध्ये खेळता यावरच ठरत राहिलं. जाहिरातीतून कमवायची परवानगी मिळायला जुलै २०२१ उजाडला, आणि युनिव्हर्सिटीकडून थेट पैसे मिळायला २०२५. पत्रकातली शेवटची मागणी होती खेळाडूंच्या स्वतःच्या संघटनेची. त्या सीझनमध्ये तिच्यावर कुठल्याच कॉन्फरन्सने चर्चेचं टेबल मांडलं नाही.